फाइल जिच्या हातात होती

सोमवार, ३ मार्च

विसरू, ही वही तुझ्यासाठी आहे, आणि ती तुझ्यासाठी आहे हे तू विसरणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहवून घेतलं. परवा बापाला बघायला आलीस आणि जाताना स्वतःच्या चपला इथे सोडून आईच्या घालून गेलीस. नोकरीच्या गावी पोचल्यावर तुझ्या लक्षात आलं. अशा नातीला घरातलं फोनवर सांगून काय उपयोग? 'हो आजी, हो आजी' करतेस आणि पुढच्या फोनला विचारतेस, बाबांना नक्की झालं काय होतं.

झालं ते असं. तुझ्या बापाच्या हृदयाची एक नळी बुजली. ती आतून फुगवून तिच्यात जाळी बसवली. आता तो घरी आला आहे, खातोपितो, सगळ्यांवर ओरडतो, म्हणजे बराच सुधारला. पण डॉक्टरांनी सांगितलंय, कोणीतरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा आणि रोजचं लिहून ठेवा. ते काम मी मागून घेतलं. मला अक्षर येत नाही हे जगजाहीर आहे. लाँड्रीत त्यावाचून माझं कधी अडलं नाही. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोरा असला की ती मोठ्या हॉटेलची, निळा असला की लॉजची, एवढं वाचता आलं की पोट भरतं. तेव्हा मी बोलणार आणि तुझी आई लिहिणार. जेवणं झाली की वाफेची इस्त्री थोडा वेळ बंद ठेवतात, तेवढा तिचा वेळ मोकळा असतो. मोकळा म्हणजे माझा.

खरं सांगू का, मला भीती वाटते. तुझे आजोबा खालच्या याच खोलीत गेले. छातीवर मूठ आवळली, तोंड वाकडं केलं आणि कपड्यांच्या टोपलीवर पडले. हृदयाचा आजार म्हणजे मला तेवढाच ठाऊक आहे. आता मुलाचा हात छातीकडे गेला, अगदी खिशातलं पेन काढायला गेला, तरी मी जागची उठते. म्हणून मी त्याच्या हातांवर नजर ठेवून बसते. तो म्हणतो, 'आई, तू माझ्याकडे असं बघतेस जसं काही मी गल्ल्यातून चोरतोय.'

सूनबाई म्हणते, पुरे आता. मी म्हटलं, आणखी एक ओळ. त्याने आज दोनदा ढेकर दिला. तेही लिही.

बुधवार, ५ मार्च

घरी आल्यापासून तो काउंटरमागे खुर्चीत बसून हुकूम सोडतो, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणायला लागलोय. तर आज सकाळी साहेब म्हणाले, छातीत काहीतरी होतंय.

लाँड्री जागच्या जागी थांबली. तुझी आई गोळी आणायला वर घरात गेली, खाली आली, प्रेशरचं मशीन आणायला पुन्हा वर गेली, खाली आली, चष्म्यासाठी परत वर. साहेबांचं प्रेशर अगदी बाळासारखं निघालं. मग कबूल केलं की नाश्त्याच्या वेळी समोरच्या दुकानातून तळलेले बटाटे मागवून खाल्ले होते. मी त्याला जे बोलले ते तुझ्या आईने लिहायला नकार दिला आहे.

एवढं झाल्यावर बघते तर तुझी आई जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली.

'पायरी ही बसायची जागा आहे का गं?'

'दम घेते आई.'

'दम त्याने घ्यायचा. तुझ्या वयाची असताना मी पोटात पोर आणि डोक्यावर टोपली घेऊन हा जिना चढायचे.'

'तेव्हा जिना नवीन असेल,' ती म्हणाली.

बघ, जीभ शाबूत आहे. जीभ शाबूत तो माणूस शाबूत, असं माझं मत.

पण एक सांगते. मला अक्षरं कळत नाहीत, तरी ओळ सरळ आहे का वाकडी ते कळतं. जन्मभर घड्याच घातल्यात. आज तिच्या ओळी टोकाला खाली घसरताहेत, ओली चादर दोरीला ओढते तशा. मी म्हटलं, नीट लिही, पोरगी काय म्हणेल. ती म्हणते, हाताला कंटाळा आलाय. माणसाला कंटाळा येतो हे ऐकून होते, नुसत्या हाताला येतो हे नवीनच.

रविवार, ९ मार्च

मधे साहेब ठीक होते म्हणून लिहवलं नाही. आज मात्र मला वेगळीच भीती बसलीय, आणि जिच्यामुळे बसलीय तिच्याकडूनच लिहवून घ्यावं लागतंय. इलाज नाही, घरात अक्षर ओळखणारी दुसरी बाई नाही.

तुझ्या आईला झोप लागत नाही. दोन घास खाते आणि ताट सारते. इस्त्री करताना ती गुणगुणायची, तुला आठवत असेल, किती बेसूर. आम्ही नावं ठेवायचो. आता ते गुणगुणणं बंद आहे आणि खाली नुसती वाफ फुसफुसते. दात दुखतो म्हणून गुरुवारी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. त्याने सगळं तोंड ठोकून पाहिलं आणि म्हणाला, दात चांगले आहेत, झोपेत आवळत असाल, काळजी कमी करा. दुखतं खालच्या जबड्यात, दोन्ही बाजूंनी. जिना चढली की जास्त, बसली की कमी.

मी म्हटलं, 'तुझे दात जिना चढतात की काय?' दोघी हसलो.

पण मी काही दूधखुळी नाही. बाई अशी केव्हा होते? मनात काही दाबून ठेवलं की. दवाखान्यातून सुटायच्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत ती एकटीच गेली होती. त्यांनी माझ्या मुलाबद्दल काहीतरी वाईट सांगितलंय आणि ती ते मला सांगत नाही. ते ओझं तिच्या चेहऱ्यावर दिसतंय.

'आई, हे मी लिहायचं?'

'लिही. आणि तुझं उत्तरही लिही.'

'उत्तर असं की डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा समजावून दिल्या.'

'त्यासाठी दार लावून घेतलं?'

'तिथलं दार आपोआप लागतं.'

तुझी आई खोटं बोलायला लागली की लांबण लावते. हे इतकं साधं बोलली म्हणून मला जास्त धास्ती बसली. म्हणजे गोष्ट इतकी वाईट आहे की तिने उत्तर आधीच घोकून ठेवलंय.

शुक्रवार, १४ मार्च

आज ओल्या चादरींची टोपली तिला उचलवली नाही. वाकली, कड्यांना हात घातला, आणि तशीच वाकून राहिली. मग टोपली पायाने ढकलत नेली. मी न बघितल्यासारखं केलं, तिनेही मी न बघितल्यासारखं केलं.

पाठ भरून आलीय म्हणते, दोन खांद्यांच्या मधे. लाँड्रीतल्या माणसाची पाठ दुखली तर त्याला कोणी आजार म्हणत नाही, इस्त्रीची पाठ म्हणतात. ती आम्हा सगळ्यांना असते आणि तिचं औषधही आमचंच आहे. इस्त्रीखालून निघालेला गरम टॉवेल चौघडी करून पाठीवर ठेवायचा. आजवर त्याने कोणाला गुण आला नाही असं झालं नाही. मी स्वतः ठेवला, एकावर एक तीन टॉवेल गार झाले, पण दुखणं जागचं हललं नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने जळजळीची पुडी दिली. त्याने सांगितलं, या वयात बायकांचं असंच होतं. कसं होतं ते काही त्याने सांगितलं नाही.

मग मी साहेबांना रस्त्यावर चालायला पिटाळलं आणि तिला समोर बसवलं.

'आता खरं सांग. किती दिवस दिलेत त्याला?'

'कोणाला?'

'माझ्या मुलाला.'

ती माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली, आणि हसता हसता मधेच थांबली, श्वास घ्यायला. हसायलाही दम लागतो का कोणाला?

'आई, ते ठणठणीत आहेत. ते आपल्या दोघींना पोचवतील.'

'मग तुला काय धाड भरलीय?'

'काही नाही हो. महिनाभर दवाखाना, घर, खाली हे सगळं. दमलेय. वय झालं.'

'तुझं वय झालं, तर माझं काय झालं?'

'तुमचं होऊन गेलं.'

मी म्हटलं, स्वतःला दाखवून ये कुठेतरी. ती म्हणाली, 'मंगळवारी यांना तपासायला न्यायचंच आहे, तेव्हा विचारते जाता जाता.' मंगळवार काही फार लांब नाही, म्हणून मी गप्प बसले. आता लिहवून घेताना तिचा हात बघतेय. पेन धरलेली बोटं पांढरी दिसताहेत. मला नीट सांगता येत नाही, पण मला भीती वाटतेय, आणि ती कुठे ठेवायची ते कळत नाहीये. मुलाकडे बघितलं तर तो केळं खातोय.

मंगळवार, १८ मार्च

आज वही साहेबांच्या हातात आहे. त्याचं अक्षर कसं आहे देव जाणे, पेन कागदात घुसल्याचा आवाज मात्र येतोय. आम्ही दवाखान्यात बाकावर बसलोय. तुझी आई आत आहे. जिवंत आहे, हे आधी सांगते.

काल सकाळी मी आणि ती चादरी घडी करत होतो. तुला ठाऊक आहे कसं ते. दोन टोकांना दोघी, चादर ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि कोपऱ्याला कोपरा द्यायचा. इतकी वर्षं आम्ही हे बोलल्यावाचून करतोय. काल मी ताणली तर समोरून ताण आलाच नाही. चादर मधोमध खाली बसली.

'डुलकी लागली का?' मी म्हटलं.

उत्तर नाही. तुझ्या आईने मला उत्तर दिलं नाही असं आजवर कधी झालेलं नाही.

जवळ गेले तर कपाळावर घाम. आता लाँड्रीत घामाची चौकशी कोण करतं? आम्ही सगळे सकाळपासून निथळत असतो. मी खांद्यावरच्या टॉवेलने पुसायला गेले आणि माझी बोटं तिच्या गालाला लागली. गाल गार होता. बाजूला इस्त्री तापलेली, सगळी खोली भट्टीसारखी, आणि तिचा गाल नळाखालून काढलेल्या कपड्यासारखा.

'गॅस आहे,' ती म्हणाली. 'मळमळतंय. जरा पडते, मग उरलेल्या करू.'

'छातीत दुखतंय?'

'दुखत नाही आई. जड वाटतंय. कोणी पाठीवर टोपली ठेवलीय आणि घ्यायला येतच नाहीये, असं.'

छातीवर मूठ नाही. तोंड वाकडं नाही. पडणं नाही. माझ्याजवळ जे एक माप होतं त्यात हे कुठूनच बसेना. हा कसला आजार ते मला कळलं नाही, पण ही बाई आपल्या हातातून निघालीय एवढं कळलं. मी साहेबांना हाक मारली, अशी की रस्त्यावरची माणसं थांबली. तो आला, तिला बघितलं आणि पांढराफटक पडला. आणि तिने काय करावं? भिंतीला धरून उठली आणि त्याची जिभेखालची गोळी शोधायला लागली. 'अहो, तुम्ही आधी बसा.'

आपला कपडे पोचवायचा टेम्पो दाराशी उभा होता. गाठोड्यांवर बसून निघालो. निघताना तिने खिळ्यावरची पिशवी घेतली. तिच्यात साहेबांची फाइल. कशाला घेतली ते तिलाही सांगता येणार नाही. महिनाभर दवाखाना म्हटला की हात त्या खिळ्याकडे जायचा, तो कालही गेला.

त्या फाइलने घात केला. दवाखान्याच्या दारावरची माणसं साहेबांना चेहऱ्याने ओळखत होती. नुकताच सुटलेला हृदयाचा पेशंट, तोंडावर रक्त नाही, कपडे घामाने भिजलेले, शेजारी फाइल घेऊन बायको. त्यांनी क्षणभर दवडला नाही. चाकाची खुर्ची आली, साहेबांना खांद्यांना धरून बसवलं आणि खुर्ची धावत निघाली.

'मी नाही, ती,' तो सांगत होता.

'बोलू नका, ताण घेऊ नका.'

'अहो, माझी बायको...'

'त्या येताहेत मागून.'

येतच होती. एक हात भिंतीला. नर्स चालता चालता विचारतेय, सकाळची औषधं घेतली का यांनी, आणि ही सांगतेय, हो, उठल्यावर एक, नाश्त्यानंतर दोन, प्रेशर काल असं होतं. सगळं बरोबर सांगत होती. शेवटी तिने फाइल नर्सच्या हातात नीट दिली आणि जमिनीवर बसली. पडली नाही हो. बसली, पाय आवरून, कोणाच्या वाटेत येऊ नयेत असे. नर्स फाइल उघडत पुढे निघून गेली.

साहेबांचं पेन थांबलंय. मी म्हटलं, रडून घे आधी आणि मग लिही, कागद ओला झाला तर पोरीला वाचता येणार नाही.

मी सगळ्यांच्या मागे होते, गुडघे धावू देत नाहीत. पण माझ्या हातात काठी होती आणि शेजारी लोखंडी कपाट होतं. मी ती त्यावर आपटली, पुन्हा आपटली, सगळे वळेपर्यंत आपटत राहिले.

'तो नाही. आजारी ती आहे. मला रोगाचं नाव सांगता येत नाही. तुम्ही हात लावून बघा, गार पडलीय.'

एक पोरसवदा डॉक्टरीण तिच्यापुढे जमिनीवर बसली. मनगट धरलं. माझ्याशी काही बोलली नाही, नुसतं म्हणाली, 'स्ट्रेचर.' ओरडून नाही, हळू.

छातीला तारा लावून कागद काढला. मग रक्त घेतलं, मग दुसरा कागद. मग ती डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, हार्ट अटॅक आहे.

मी विचारलं, 'कोणाला?'

खरंच विचारलं मी असं. साहेब माझ्या शेजारी उभा होता, खुर्चीतून सुटून आलेला, आणि मी त्याच्याकडे बघितलं.

मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. दम लागायचा? जिन्यावर बसायची. झोप? उडाली होती. जबडा, मान? दातवाल्याकडे गेली होती. पाठ? टॉवेल ठेवले. जेवण? सारायची. एकेक सांगताना माझीच जीभ जड व्हायला लागली. मग तिने मागचं काढलं. मूल पोटात असताना प्रेशर वाढलं होतं का? विसरू, तुझ्या वेळी तिचे पाय उशीएवढे सुजले होते आणि तुला लवकर काढावं लागलं होतं. पुढे सगळं सुरळीत झालं म्हणून आम्ही तो विषय मिटवला. प्रेशर नंतर कधी मोजलं? मशीन घरात आहे, पट्टा रोज तीच बांधते, साहेबांच्या दंडाला. पाळी कधी गेली? माझ्यापेक्षा बरीच लवकर. तिची आई कशाने गेली? मी म्हटलं, दमून गेली. त्या घरात तसंच सांगतात, दमलेली होती, झोपली, गेली. डॉक्टरीण लिहायची थांबली आणि मग पुन्हा लिहायला लागली.

मी विचारलं, 'पण तिने छाती धरली नाही हो.'

ती म्हणाली, 'आजी, छातीत पुष्कळ बायकांच्याही दुखतं. पण पुष्कळींचं असंही येतं. छाती धरायची वाट बघत बसलं तर उशीर होतो.'

मग तुझ्या आईला आत नेलं. तिची नळी पूर्ण बंद होती. उघडली. जाळी बसवली. पण हृदयाचा एक भाग बराच वेळ रक्तावाचून राहिला, तो किती सावरेल ते आज सांगता येत नाही म्हणतात. त्या दोन वाक्यांच्या मधे जेवढी जागा आहे तेवढ्यात मी बसलेय.

बुधवार, १९ मार्च

आत एकेकालाच सोडतात. मी गेले. नळ्या, तारा, वर पडद्यावर हिरवी रेघ. अक्षर नाही, तरी मला वाचता येते ती रेघ. वर, खाली, वर, खाली. ती सरळ होऊ नये एवढंच.

तिने डोळे उघडले आणि विचारलं, 'यांनी गोळी घेतली का?'

मी म्हटलं, 'घेतली. आता तोंड बंद ठेव.'

'चादरी?'

'जळोत चादरी.'

ती थोडी हसली आणि रेघ दचकली. म्हणून मी पुढचं काही बोलले नाही. मला हसवायची सवय आहे आणि आज मला त्या सवयीची भीती वाटली.

शुक्रवार, २१ मार्च

आज लिहवायला बसवत नाही, पण साहेब म्हणतो बोल, नाहीतर तू भिंतीकडे बघत बसतेस.

सकाळी आतलं यंत्र ओरडायला लागलं. तीन माणसं धावत आत गेली, एकाच्या पायातली चप्पल वाटेतच सुटली आणि त्याने मागे वळून बघितलं नाही. पडदा ओढला. बाकावरच्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कोणाचं माणूस, कोणाचं. मग दारातून विचारलं, लाँड्रीवाल्या बाईंचे कोण? साहेब उठला आणि पुन्हा बसला. मी उठले. ठोके भरकटले होते, म्हणाले, औषध दिलंय, आता जागेवर आहेत, तुम्हाला कळवून ठेवतोय. कळवून ठेवतोय म्हणजे काय? कशासाठी ठेवायचं ते?

मला नातवंडांपुढे भित्री दिसायला आवडत नाही, म्हणून एरवी मी थट्टा करते. आज थट्टा सापडत नाहीये. दुपारभर मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ही बाई गेली तर लाँड्रीचं काय, असं मला कोणीतरी विचारलं. लाँड्री गेली खड्ड्यात. चादरीचं दुसरं टोक कोण धरणार?

तू आलीस. बरं झालं. बॅग गाडीत विसरलीस म्हणे. असू दे, तू आलीस ना. आता घर बघ, आणि आल्या आल्या तुझ्या दंडाला तो पट्टा बांध. डॉक्टरीण म्हणाली, आईची आई, मग आई, तेव्हा मुलीनेही दरवर्षी तपासून घ्यायचं. माझाही कागद काढला इथे. म्हणाले, आजी, तुम्ही खणखणीत आहात. इतकी लाज वाटली मला ते ऐकून.

मंगळवार, २५ मार्च

तिला बाहेरच्या वॉर्डात हलवलं. खिडकीजवळची खाट आहे. आज बसली, दोन माणसांच्या आधाराने दारापर्यंत गेली आणि परत आली. हृदय थोडं अशक्तच राहणार, पण चालेल म्हणतात, औषधं सोडायची नाहीत, ओझं उचलायचं नाही, हळूहळू चालणं वाढवायचं. काही दिवसांनी घरी न्या म्हणाले. ते ऐकून सगळ्यांना आनंद झाला, मला सोडून. इथे तिच्यावर यंत्रं लक्ष ठेवतात. घरी मी ठेवणार, आणि माझं लक्ष कसं असतं ते आपण बघितलं.

तिला मी तसं म्हटलंही. ती म्हणाली, 'आई, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका बाई. श्वास मोजल्यासारखं.'

'मोजते आहेच.'

'मग किती झाले?'

'वळले की चुकते. म्हणून वळत नाही.'

इथलं जेवण तिला जात नाही. नर्स म्हणाली, घरून आणा, फक्त मीठ नको आणि तळलेलं नको. मी तुझ्या आईला विचारलं, काय खाशील?

'काहीही चालेल.'

'काहीही नावाचं काही शिजवता येत नाही. तुला काय आवडतं ते सांग.'

ती विचार करायला लागली. विसरू, किती वेळ विचार करावा माणसाने? मी साहेबांकडे बघितलं, म्हटलं, तू सांग, तुझी बायको आहे. त्याने पेन खाली ठेवलं. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. तिच्या हातचं आम्ही सगळे रोज खात आलोय, तिच्या ताटात काय असतं ते कोणी बघितलेलं नाही. उरेल ते असायचं.

मग ती म्हणाली, 'लाल भोपळा. नुसता उकडलेला, वरून मिरपूड. गरम गरम.'

'मग कधी केला का नाहीस?'

'यांना आवडत नाही ना. तुम्हालाही नाही आवडत. एकटीसाठी कुठे एवढी मोठी फोड आणायची.'

साहेब खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याला म्हटलं, बघू नकोस, लिही.

तर ही पानं टेम्पोवाल्याबरोबर पाठवतेय, वाचून लगेच कामाला लाग. बाजारातून भोपळ्याची चांगली पिकलेली फोड आण, आत गडद केशरी असेल ती. सालं काढून मोठ्या फोडी कर, वाफेवर उकड, बोट लावलं की दबल्या पाहिजेत, पण लगदा नको. मीठ घालायचं नाही, चिमूटभरही नाही, ती मागेल तरी नाही. मिरपूड ताजी कुटून वेगळ्या पुडीत बांध. एक पिकलेलं नासपती सालीसकट ठेव. जाड झाकणाच्या डब्यात भर आणि डबा टॉवेलात गुंडाळ, म्हणजे इथे येईपर्यंत गरम राहील. साहेबांचं आणि माझं या डब्यात काही ठेवू नकोस, आमच्यासाठी नंतर कधीतरी नुसता पाव पाठव, दुसऱ्या पिशवीतून. आणि चमचा एकच घाल. दोन दिसले तर ती आधी आम्हाला वाढेल.